बंद गिरणी पाहायची तर आधी पाणी कुठं मुरतंय ते पाहा

प्रश्नकर्त्यांना एका बंद कापड गिरणीत फोटो काढायला मालकाची लेखी परवानगी मिळाली आहे. पाच मजल्यांची जुनी इमारत, शेजारी चिमणी, मागे करवती छपराची विणाई शेड. हाताशी एकच दिवस. विचारलंय ते असं: सुरुवात कुठून करावी, काय चुकवू नये, सोबत काय न्यावं, आणि "आतले खांब ओतीव लोखंडाचे आहेत, तेव्हा मजल्यांची काळजी करायचं कारण नाही ना?"

बंद गिरण्यांच्या बांधकामाची पाहणी हेच माझं काम, म्हणून शेवटच्या प्रश्नाला आधी हात घालतो. काळजीचं कारण आहे, आणि ते बहुतेक वेळा खांबांत नसतं, दोन खांबांच्या मधे असतं.

ओतीव लोखंड दाब उत्तम सोसतं, ताण सोसत नाही. १८३० च्या सुमारास ईटन हॉजकिन्सन यांनी मँचेस्टरमध्ये तुळया मोडून पाहिल्या, तेव्हा ताणातली ताकद दाबातल्या ताकदीच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकीच भरली. म्हणूनच त्यानंतरच्या चांगल्या ओतीव तुळईचा खालचा पट्टा वरच्यापेक्षा कितीतरी रुंद दिसतो. वजन पडलं की तुळईची खालची बाजू ताणली जाते, तिथेच लोखंड जास्त हवं. खांबावर मुख्यतः दाबच येतो, त्यामुळे दीड-दोनशे वर्षांचा खांबही ठणठणीत उभा असतो. तो पाहून आपण निर्धास्त होतो आणि पाय ठेवतो मात्र तुळई-फळीवर. शिवाय ओतीव लोखंड वाकून इशारा देत नाही. पोलाद आधी लवतं, हे एकदम तुटतं.

गिरण्यांत लोखंड आलं ते आगीच्या धास्तीने. लाकडी मजले, हवेत कापसाचे तंतू, यंत्रांचं तेल आणि उघडे दिवे अशी ती सगळी तयारीच होती. १७९७ मध्ये चार्ल्स बेज यांनी इंग्लंडमध्ये श्रूजबरीला जवसाच्या धाग्याची गिरणी उभी केली, ती जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची बहुमजली इमारत. पुढे तिथे माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य) तयार व्हायचा, १९८७ मध्ये ते काम थांबलं, इमारत बरीच वर्षं ओस पडली आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये लोकांना खुली झाली. म्हणजे लोखंड टिकतं. पण मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावची पेंबर्टन गिरणीही लक्षात ठेवा. १८५३ ची, तीही पाच मजली. १० जानेवारी १८६० ला कामगार आत असताना, यंत्रं चालू असताना ती बसली आणि शंभराच्या आसपास माणसं गेली. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते पोकळ खांबांवर. ओतताना आतला गाभा सरकल्यामुळे नळीची एक बाजू जाड आणि दुसरी नको तितकी पातळ राहिली होती. बाहेरून रंग लावलेला खांब बघून हे कोणालाच कळत नाही. आम्हीसुद्धा बारीक भोक पाडून किंवा अल्ट्रासाउंडने भिंतीची जाडी मोजतो, मगच बोलतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला डोळ्यांनी कळेल. इमारतीत कधी मोठी आग लागून गेली असेल तर त्या भागातल्या ओतीव तुळयांवर आणि खांबांवर अजिबात भरवसा ठेवू नका. तापलेल्या ओतीव लोखंडावर बंबाचं पाणी पडलं की ते तडकतं, आणि अशी तड नंतरच्या रंगाखाली सहज झाकली जाते.

आता मुद्द्यावर येतो. ओस गिरणी धोकादायक होते ती वयामुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त. छप्पर धड असलेली शंभर वर्षांची गिरणी ही पन्हळी तुंबलेल्या चाळीस वर्षांच्या गिरणीपेक्षा चालायला बरी. तेव्हा दिवसाचा पहिला तास-दीड तास आत पाऊलसुद्धा टाकू नका. बाहेरून पूर्ण फेरी मारा, भिंतींपासून लांब राहून. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तर कॅमेऱ्याची झूम पुरते. वहीत प्रत्येक मजल्याचा चौकोन काढा, खिडक्यांच्या खुणा करा आणि पाणी कुठून शिरतंय ते त्यावर मांडत जा.

बघायचं काय ते एका कोपऱ्यावर सांगतो. छपराची पन्हळ जिथे उभ्या पाइपाला मिळते तिथे पाइपाचा सांधा निखळलेला असतो. त्याखाली विटांवर हिरवट-काळा पट्टा उतरलेला दिसतो, वर रुंद, खाली निमुळता. पट्ट्याच्या कडेला विटांमधला चुना धुऊन गेलेला, सांध्यांत बोट जाईल इतक्या खाचा, कुठे एखादं रोप. हा पट्टा चौथ्या मजल्याच्या खिडकीशेजारून तिसऱ्यापर्यंत आला असेल, तर त्या दोन्ही मजल्यांच्या तुळयांची टोकं नेमकी त्याच भिंतीत, त्याच ओलीत बसलेली आहेत. लाकडी तुळई मधे कुजत नाही, भिंतीत शिरलेल्या टोकाला कुजते, आणि ते टोक आतून दिसतच नाही. लाकडातली ओल साधारण वीस टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी घर करते. आतून तुळई सरळ, कोरडी, रंगवलेली दिसत असते आणि भिंतीतला टेकू भुसा झालेला असतो. म्हणून "भिंतीच्या कडेकडेने चाला" हा सरसकट दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. कोरड्या भिंतीला तो बरोबर, ओल्या भिंतीला घातक.

तुमची गिरणी लाकडी मजल्यांची आहे की विटांच्या कमानींची, हे पहिल्याच मजल्यावर छताकडे बघून ठरवा, कारण दोन्हींत चालायची रीत वेगळी.

लोखंडी तुळयांच्या मधे विटांच्या चपट्या कमानी असतील तर तो जॅक आर्चचा मजला. कमान दोन्ही बाजूंना ढकलत असते. शेजारची कमान तिला उलट ढकलते आणि हिशेब जुळतो. शेवटच्या खणात उलट ढकलायला कोणी नसतं, म्हणून तुळया एकमेकींना बांधणाऱ्या लोखंडी सळ्या घातलेल्या असतात. बंद गिरणीत भंगारचोर फिरून गेलेले असतात, हे गृहीत धरूनच चला. त्यांना सळई दिसते, तिचं काम दिसत नाही. गॅस कटरने कापलेल्या सळईचं टोक ओळखू येतं, कडेला वितळून गोठलेले थेंब असतात. असं टोक दिसलं, किंवा एखाद्या खणातली कमान ढासळलेली दिसली, तर त्या खणाच्या दोन्ही बाजूंचे खणही वर्ज्य. त्यांचा आधार गेलेला आहे, फक्त अजून पडलेले नाहीत. शिवाय त्या खणांच्या खालूनही जायचं नाही. लोकांचं सगळं लक्ष पायाखाली असतं, वरची कमान विसरली जाते.

जाड लाकडाचा मजला असेल तर तोही बिचारा वाईट नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडचे गिरणीमालक झकरायाह ॲलन यांनी आपली गिरणी आगीपासून सुरक्षित केली, तरी विमा कंपनी हप्ता कमी करेना. तेव्हा १८३५ मध्ये त्यांनी गिरणीमालकांचा आपसातला विमा सुरू केला. अशा विमा मंडळांच्या आग्रहातून जाड तुळया आणि तीन-चार इंची फळ्यांचे, सावकाश जळणारे मजले रूढ झाले. कोरडा असेल तर हा मजला आजही खणखणीत असतो. अडचण ही, की यंत्रांखालची तेल प्यायलेली फळी काळी दिसते आणि कुजलेली फळीही काळीच दिसते. फरक टोच्याने कळतो. तुळईच्या रेषेवर उभं राहून पुढच्या फळीत स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. तेलकट फळी टोकाला अडवते. कुजलेलीत ते लोण्यात गेल्यासारखं आत जातं. तुळईची रेषा वरून ओळखायची तर खिळ्यांच्या ओळी बघा. उडी मारून मजबुती तपासणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना नमस्कार.

चालताना खांबांच्या ओळीतून, तुळईवरून चाला. दोघांनी एकाच खणात थांबायचं नाही. आणि एक नियम दगडावरची रेघ समजा: जमिनीवर पडलेली प्रत्येक फळी, प्लायवूड, पत्रा, गालिचा, पुठ्ठा यांच्याखाली भोक आहे, असंच समजायचं. गिरणीत भोकांना तोटा नसतो. कापसाच्या गाठी वर चढवायच्या हॉइस्टची, म्हणजे ओझं ओढणाऱ्या यंत्राची, भोकं मजल्यामागून मजल्यात एकाखाली एक असतात. यंत्रं फिरवणारे पट्टे जायच्या फटी असतात. नंतरच्या काळातल्या कताई खात्यात यंत्रांखाली परतीच्या हवेचे चर असतात. त्यावरच्या लोखंडी जाळ्या सर्वांत आधी चोरीला जातात आणि चर धुळीने भरल्यासारखा सपाट दिसतो.

यांतलं सर्वांत वाईट भोक म्हणजे दोरखंडांची विहीर. वाफेच्या इंजिनाच्या प्रचंड फ्लायव्हीलवरून, म्हणजे जड फिरत्या चाकावरून, कापसाचे जाड दोर प्रत्येक मजल्यावरच्या शाफ्टपर्यंत (यंत्रांना गती देणाऱ्या फिरत्या दांड्यापर्यंत) जायचे. त्यासाठी इंजिनघराला लागून एक अरुंद पोकळी तळापासून माथ्यापर्यंत मोकळी ठेवलेली असे. विजेच्या मोटारी आल्या, दोर गेले, आणि ती पोकळी प्रत्येक मजल्यावर हाताला लागेल त्या फळ्यांनी बंद केली गेली. त्या फळ्या कधीच मजला नव्हत्या. इंजिनघराच्या बाजूच्या भिंतीला लागून अचानक फळ्यांची दिशा बदलली, रुंदी बदलली, तर तिथेच थांबा.

आता बघायचं काय. इथे मात्र घाई करू नका. माझा सल्ला असा, की गिरणी खोली-खोलीने न बघता ताकद ज्या वाटेने गेली त्या वाटेने बघा. बॉयलरघर, मग इंजिनघर, मग दोरखंडांची विहीर, मग प्रत्येक मजल्यावरचे शाफ्ट, आणि शेवटी यंत्रं. अशा क्रमाने फिरलं की ओस दालनसुद्धा बोलायला लागतं.

बॉयलरघरात लांबट आडवा गोल बॉयलर दिसला आणि तोंडाला भट्टीच्या दोन नळ्या असल्या, तर तो लँकेशायर पद्धतीचा. विल्यम फेअरबेर्न आणि जॉन हेदरिंग्टन यांनी १८४४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याच्या मागे, चिमणीकडे जाणाऱ्या वाटेवर उभ्या नळ्यांची रांग असेल, तर तो इकॉनॉमायझर. एडवर्ड ग्रीन यांचं १८४५ चं पेटंट. चिमणीत वाया जाणाऱ्या उष्णतेवर बॉयलरला जाणारं पाणी आधीच तापवून घ्यायचं ते साधन. नळ्यांवरची काजळी खरवडायला वर-खाली फिरणाऱ्या खरवडण्या असतात, त्या अजून जागेवर असतील तर फोटो जरूर काढा. इंजिनघराची सजावट मात्र चकित करते. रंगीत फरशा, उंच कमानीच्या खिडक्या. मालक पाहुण्यांना आधी तिथेच न्यायचे.

मजल्यांवर शाफ्ट बहुधा नसतील, भंगारात गेले असतील. पण खांब बघा. छातीच्या वर, छताजवळ, गोल खांबाच्या अंगावर एक सपाट चौकोनी फलक ओतलेला असतो, त्यात बोल्टची भोकं. तिथे शाफ्टचे कंस बसायचे. एका ओळीतल्या सगळ्या खांबांचे फलक एकाच दिशेला तोंड करून असतात. टॉर्च आडवी धरून त्या ओळीतून नजर टाकली की नसलेला शाफ्ट कुठून कुठे जायचा ते थेट दिसतं. त्याच आडव्या प्रकाशात जमीन बघा. यंत्रांच्या पायांच्या बोल्टची भोकं, तेलाचे समांतर पट्टे, आणि दोन पट्ट्यांच्या मधे पायांनी झिजून बशीसारखी झालेली वाट. फळी झिजून गाठी वर राहिलेल्या असतात, कारण गाठ कठीण. कुठे झिजलेल्या भोकावर डब्याचा पत्रा ठोकून बुजवलेलं असतं. मला विचाराल तर सबंध गिरणीत यापेक्षा मोलाचा फोटो नाही. यंत्रं विकली जातात, त्यांच्याशेजारी उभ्या राहिलेल्या माणसांची वाट जमिनीत राहते.

जिन्याच्या मनोऱ्यावर पाण्याची टाकी असेल तर ती बहुधा स्प्रिंकलरसाठी, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या नळांसाठी. मजल्यांच्या दारांशी पत्रा मढवलेला जाड सरकता दरवाजा तिरक्या पट्टीवर लटकलेला दिसेल. त्याला उघडं धरून ठेवणाऱ्या वजनाच्या दोरीत एक छोटा सांधा असतो, साधारण ७४ अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या मिश्रधातूचा. आग लागली की सांधा सुटतो, वजन पडतं आणि दरवाजा आपल्याच भाराने उतारावरून बंद होतो. यंत्रणा सुंदर आहे. हात लावू नका. दोरी कुजलेली असते, वजन अजून टांगलेलं असतं, आणि दरवाजा पायावर आला तर हाड राहत नाही.

मागची विणाई शेड वेगळ्या जातीची. साचे, म्हणजे कापड विणायचे माग, एका तालात हादरतात, तो हादरा वरच्या मजल्याला झेपत नाही, म्हणून विणाई बहुधा जमिनीवर. छपराच्या काचा उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे थेट ऊन न येता दिवसभर एकसारखा उजेड. तुमच्या फोटोंना हा उजेड फार मानवेल. पण इथेही पाण्याचाच खेळ. दोन करवती दातांच्या मधल्या पन्हळीतलं पाणी पुष्कळ ठिकाणी थेट पोकळ खांबातून जमिनीखालच्या गटारात सोडलेलं असे. तेच खांब, तेच पाइप. गटार तुंबलं की खांब आतून पाण्याने भरून राहतो आणि आतून गंजतो. बुडाशी गंजाचा ओघळ किंवा उभी चीर दिसली तर त्या खांबाच्या चारी बाजूंचे खण सोडून द्या. आणि कोणत्याही शेडच्या छपरावर, मग तो सिमेंटचा पत्रा असो की काच, चांगल्या फोटोसाठीही चढू नका. जुना सिमेंट पत्रा माणसाचं वजन घेत नाही, आणि त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट.

हवेबद्दल थोडं. बॉयलरच्या आत, बंद टाकीत, धूरमार्गात, तळघरातल्या खड्ड्यात उतरायचं नाही, अगदी डोकावण्यापुरतंही नाही. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना तो हवेतला ऑक्सिजन खातो. नेहमीच्या हवेत तो २०.९ टक्के असतो, आणि १९.५ च्या खाली गेला की ती जागा कामाला असुरक्षित धरतात. वास येत नाही, धाप लागायची वाट बघत बसलात तर उशीर झालेला असतो. साचलेल्या गाळातल्या हायड्रोजन सल्फाइडचं उलटं, त्याला वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. आत कोणी कोसळला तर मागोमाग उतरणारा दुसरा बळी ठरतो.

कबुतरांची विष्ठा कोरडी असताना उडवू नका, त्यातून हिस्टोप्लाझ्मोसिससारखे फुप्फुसाचे आजार होतात. पाइपांवरचा पांढरा, प्लास्टरसारखा, कडेने तंतू निघालेला थर म्हणजे ॲस्बेस्टॉसच समजा आणि शिवू नका. जुन्या ट्रान्सफॉर्मरखालच्या तेलात पाय घालू नका, त्यात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं.

सामानाची यादी लोक फार लांबवतात. हेल्मेट, तळव्यात पोलादी पत्रा असलेले बूट, दोन टॉर्च (एक डोक्यावर, एक आडवा प्रकाश टाकायला हातात), बारीक धूळ अडवणारा, एफएफपी३ दर्जाचा नीट बसणारा मास्क, हातमोजे, स्क्रूड्रायव्हर, वही. दोरी नको. दोरी सोबत असली की तिचा उपयोग करायचा मोह होतो. एकटे जाऊ नका, आणि कधी बाहेर येणार ते बाहेरच्या माणसाला सांगून जा. भिंती जाड असतात, मोबाइलला आत रेंज मिळेल हे धरून चालू नका.

चिमणी बाहेरूनच बघा. माथ्याच्या विटा पिढ्यान्‌पिढ्या धुरातल्या गंधकाने पोखरलेल्या असतात आणि त्या कधीही, वारा नसतानाही, सुटतात. फोटो लांबून आणि लांब लेन्सने. बुडाचं काजळीचं दार उघडं असलं तरी आत शिरू नका, तो धूरमार्गच आहे.

राहता राहिली वेळ. जमलं तर आदल्या पावसाळी दिवशी फक्त बाहेरून एक चक्कर मारा. कोणत्या पाइपातून पाणी येतंय, कोणत्या भिंतीवरून ओघळतंय, हे तेव्हा अर्ध्या तासात कळतं, कोरड्या दिवशी त्याला दीड तास लागतो. आत जायचं ते मात्र कोरड्या दिवशीच, सकाळी. क्रम: बाहेरची फेरी, शेड, बॉयलरघर आणि इंजिनघर, मग वरचे मजले, खालून वर, प्रत्येक मजल्याचं छत आधी खालून बघून. ज्या खणाचं छत खालून ओलं दिसलं तो वहीत फुलीने मारा आणि वर गेल्यावर तिथे जाऊ नका. फुल्यांचा तो कागद परत निघताना मालकाला देऊन या. कोणती पन्हळ आधी साफ करायची हे त्यांना त्यातून कळेल.